स्टॅलाग १३ चं मॉडेल, १:७२ – कामाच्या नोंदी

९ जून

स्केल ठरलं, १:७२. होगन्स हीरोज ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सीबीएसवर १९६५ ते १९७१ चाललेली कॉमेडी, एकूण १६८ भाग, पहिला ब्लॅक अँड व्हाइट आणि बाकी सगळे रंगीत. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीतला स्टॅलाग १३ नावाचा युद्धकैद्यांचा कॅम्प, आणि त्यातले कैदी पळूनच जात नाहीत, कारण खाली बोगदे खणून तिथूनच पूल उडवणं, कागद पळवणं, पाडलेल्या विमानांच्या पायलटना बाहेर काढणं असा धंदा चालवलाय. मला कॅम्प वरून दाखवायचाय आणि समोरची बाजू कापून खालचे बोगदे पण दाखवायचेत. बराक नंबर २, कॅम्पचा कमांडंट क्लिंक याचं ऑफिस, गेट, एक टॉवर, तार आणि कुत्र्यांचा वाडा, बस. सगळा कॅम्प करायला गेलं तर दिवाणखाना लागेल.

१:८७ मध्ये रेल्वेवाल्यांचं सामान मिळतं म्हणून आधी तो विचार होता, पण त्यात माणूस २ सेंटीमीटरचा होतो आणि बोगद्याच्या तोंडावरचा बंक (दुमजली पलंग) हलवणारी यंत्रणा आत बसवताना जीव जातो. १:७२ ला माणूस २५ मिलिमीटर. बोर्ड ३ बाय २ फूट, म्हणजे खऱ्या मापात साधारण ६५ बाय ४३ मीटर. १२ मिमी एमडीएफ कापून आणला, खालच्या पेटीसकट १,४५० रुपये.

१६ जून

नकाशा. इथेच आठवडा गेला. भाग लावायचे, पॉज करायचं, गेटपासून ऑफिसच्या पायरीपर्यंत पहारेकरी सार्जंट शुल्त्झ किती पावलं चालतो ते मोजायचं, आणि पुढच्या भागात तेच अंतर निम्मं निघायचं. कारण उघड आहे, बाहेरचा कॅम्प कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीला देसिलू स्टुडिओच्या 'फॉर्टी एकर्स' नावाच्या बॅकलॉटवर (बाहेरच्या शूटिंगची मोकळी जागा) बांधलेला होता आणि आतले सीन हॉलिवूडमधल्या स्टुडिओत. म्हणजे कैद्यांचा म्होरक्या होगन दारातून आत जातो तेव्हा तो खरं तर शहराच्या दुसऱ्या भागात जातो. बाहेरून दिसणारी बराक आणि आतली खोली यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आतले बंक, टेबल, शेगडी, शिवाय होगनची वेगळी खोली हे सगळं कागदावर काढलं तर बाहेरच्या बराकीत मावतच नाही. दाराची उंची २ मीटर धरून मी दोन्ही मापं काढली, आतली बाजू जवळजवळ दीडपट येते.

भाचा आर्किटेक्चरला आहे, तो म्हणाला मामा, सेक्शन (उभा छेद) काढ मग कळेल. काढला, काही कळलं नाही, तो पण गप्प बसला. शेवटी ठरवलं की आतली खोली खरी मानायची आणि बाहेरची बराक तिच्या मापाने लांब करायची. ज्याला नुसता बाहेरचा देखावा करायचाय त्याने उलट करावं. पण दोन्ही एकाच वेळी बरोबर होणार नाही, ते डोक्यातून आधीच काढा म्हणजे वेळ वाचेल.

त्या बॅकलॉटचे वरून काढलेले जुने फोटो शोधले की मिळतात, त्यावरून इमारतींची दिशा पक्की झाली. तो लॉट आता नाही. मालिका संपल्यावर काही वर्षांनी एका भलत्याच घाणेरड्या सिनेमाचं शूटिंग त्या सेटवर झालं आणि त्याच्या शेवटी सेट जाळला, मग १९७६ मध्ये सगळा लॉटच साफ केला. त्यामुळे जाऊन मोजण्याचा प्रश्न मिटला.

३० जून

बराकीच्या भिंती ३ मिमी सनबोर्डच्या, त्यावर कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या उभ्या चिकटवून फळ्यांचा इफेक्ट. काड्यांचं १००० चं पाकीट २४० रुपये, अर्धं पण संपत नाही. काड्या आधी पातळ काळपट रंगाच्या पाण्यात भिजवून वाळवा आणि मग चिकटवा. चिकटवून रंगवल्या तर जिथे फेविकॉल बाहेर आलाय तिथे रंग धरत नाही आणि पांढरे डाग राहतात, ती एक भिंत मी मागच्या बाजूला फिरवून टाकली.

छत उचलता यावं म्हणून चार कोपऱ्यांत ५ मिमीचे निओडायमियम मॅग्नेट. चिकटवण्याआधी कुठली बाजू कुठे ओढते ते मार्करने लिहून ठेवा, एवढंच सांगतो.

१४ जुलै

जमिनीसाठी एमडीएफवर पीओपीचा पातळ थर दिला आणि पावसाळ्यात दिला. दोन दिवसांत बोर्ड मधोमध चार-पाच मिलिमीटर वर आला. एमडीएफ पाणी पितो हे सगळ्यांना माहीत असतं, पण एकाच बाजूने पाणी मिळालं की तो वाकतो, नुसता फुगत नाही. उलटा करून वर सिमेंटच्या विटा ठेवल्या, फरक पडला नाही. तो बोर्ड आता इस्त्रीच्या टेबलावर आहे. नवीन आणला १२ मिमी प्लायचा, ९८० रुपये, दोन्ही बाजूंना आणि कडांना वुड प्रायमरचे दोन हात, खाली आडव्या दोन पट्ट्या स्क्रूने, आणि पीओपीऐवजी फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा. भुशाला भेगा पडत नाहीत आणि वजन निम्मं.

२८ जुलै

बोगदा. मालिकेतला बोगदा म्हणजे सरळ तळघर आहे, माणसं ताठ उभी राहतात, रेडिओचं टेबल, शिवणकाम, कपड्यांचं कपाट, सगळं. खरे बोगदे कसे होते ते बघायचं तर पोलंडमधल्या झागानला बघावं, म्हणजे तेव्हाचं सागान, पकडलेल्या वैमानिकांचा कॅम्प स्टॅलाग लुफ्ट ३. तिथला 'हॅरी' नावाचा बोगदा जमिनीखाली साधारण ९ मीटर, शंभर मीटरच्या वर लांब, आणि उंची-रुंदी जेमतेम ६० सेंटीमीटर. माणूस ढकलगाडीवर पालथा पडून पुढे जायचा. माती ढासळू नये म्हणून पलंगांच्या फळ्या काढून काढून आत लावल्या, दुधाच्या पावडरचे रिकामे डबे एकात एक बसवून हवेची नळी केली. वर जमीन करडी आणि खालची वाळू पिवळीधमक, ती पसरली तर लगेच दिसणार, म्हणून पँटच्या आत पिशव्या लावून चालता चालता थोडी थोडी सांडायची. मार्च १९४४ मध्ये त्यातून ७६ जण बाहेर पडले, ७३ पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या.

१:७२ ला ती ६० सेंटीमीटरची उंची म्हणजे ८ मिलिमीटर. पेन्सिल जाईल एवढं भोक. मालिकेतला बोगदा २८-३० मिलिमीटर. मी मालिकेतलाच करतोय कारण मॉडेल तिचं आहे, पण पेटीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं, तिथे ८ मिलिमीटरचा एक खरा बोगदा कापून ठेवला, त्यात पालथा पडलेला एक माणूस. त्याला नाव नाही, पाटी नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

बोगद्याच्या भिंती आधी थर्माकोलच्या होत्या. त्यावर स्प्रे पेंट मारला आणि थर्माकोल वितळून खड्डे पडले, खरं सांगायचं तर मातीचा इफेक्ट चांगला आला पण जाडी गेली. आता थर्माकोलवर आधी फेविकॉल-पाण्याचा हात, वाळला की पोस्टर कलर. स्प्रे पेंटच्या डब्याला हात लावायचा नाही.

१८ ऑगस्ट

तार. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त बघितलं जाणारं काम. मच्छरदाणीचं कापड लावून बघितलं, कोंबड्यांचं खुराडं दिसतं. शिवणाचा दोरा लावला, त्याचे तंतू उभे राहतात आणि जवळून केसाळ दिसतो. जमलं ते वाइंडिंग वायरने. पंखे-मोटर रिवाइंड करणाऱ्याकडे वजनावर मिळते, ४० गेज मागायची, शंभर ग्रॅमला माझ्याकडून १३० घेतले, आयुष्यभर पुरेल. दोन पदर एका टोकाला खिळ्याला बांधायचे, दुसरं टोक ड्रिल मशीनच्या तोंडात, हळू स्पीडवर पीळ द्यायचा. काटे करायच्या नादी लागू नका, खऱ्या काट्याचं माप या स्केलला कणाएवढं होतं, पिळाचीच चमक डोळ्याला काट्यासारखी लागते. चमक जास्त वाटली तर कापसाने काळसर तपकिरी रंग पुसून घ्या.

खांब टूथपिकचे, दोन रांगा. मालिकेत तारेचा एक भाग खालून उचलता येतो आणि कैदी त्याखालून ये-जा करतात, तो तुकडा मी वेगळ्या फ्रेमवर केलाय.

तार लावताना एक आठवलं ते लिहितो. आमच्या नाशिकच्या शेजारी देवळालीला, आणि त्याआधी अहमदनगरला, ब्रिटिशांनी जर्मन नागरिकांना तारेच्या आत ठेवलं होतं, गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यातलाच. मग त्यांना डेहराडूनला हलवलं. तिथून २९ एप्रिल १९४४ ला सात जण भरदिवसा गेटमधून चालत बाहेर पडले, दोघं ब्रिटिश ऑफिसरच्या वेशात आणि बाकीचे तार दुरुस्त करणारे भारतीय मजूर बनून, हातात शिडी आणि काटेरी तारेचं भेंडोळं. होगनच्या लेखकांनी हे लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते जरा अतीच होतंय.

८ सप्टेंबर

गणपतीत काम नाही. फक्त बर्फ बघितला आणि वैतागलो. ऑगस्टमध्ये छतांवर खायच्या सोड्याचा बर्फ केला होता, व्हिडिओंमध्ये सगळे तेच सांगतात. तिकडची हवा कोरडी असेल. इथे त्याने दमट हवा खाल्ली, गठ्ठे झाले आणि कडांना पिवळा पडला, खालच्या रंगावर पण डाग. ब्रशने खरवडून काढला.

२२ सप्टेंबर

बर्फाचा तोडगा घरातच होता, पांढरी रांगोळी. दगडाची पूड आहे, पाणी धरत नाही, पिवळी पडत नाही, किलोला ३० रुपये. चहाच्या बारीक गाळणीतून दोनदा गाळायची, पांढरा ॲक्रिलिक आणि फेविकॉल समप्रमाणात, थोडं पाणी, आणि घट्ट लापशी झाली की जुन्या ब्रशने थापायची. ओली असतानाच वरून कोरडी रांगोळी भुरभुरवायची. चकचकीवाली घेऊ नका, तिच्यात चमकी असते.

आणि सगळीकडे बर्फ पसरू नका. मालिकेत जवळपास कायम हिवाळा आहे, पण बर्फ छताच्या कडेला, पायऱ्यांजवळ, खिडकीच्या फळीवर असा तुकड्यातुकड्याने आहे, मधलं मैदान उघडी माती. सगळा नकली, कॅलिफोर्नियाच्या उन्हात जाड कोट घालून ही माणसं हात चोळतायत, सावल्या बघा किती काळ्या आणि धारदार पडतात. जर्मनीतला खरा हिवाळा दाखवायला गेलो असतो तर मॉडेल सुंदर झालं असतं आणि मालिकेसारखं अजिबात दिसलं नसतं. म्हणून उन्हातला बर्फच केला.

१३ ऑक्टोबर

बंक. ज्याच्यासाठी एवढं सगळं. बराकीतल्या एका दुमजली पलंगाच्या चौकटीवर थाप मारली की खालचा बंक वर उचलला जातो आणि खाली जाणारी शिडी उघडी पडते. मला तेच पाहिजे, बटण नको, थाप पाहिजे.

सामान: आर्डुइनो नॅनोचा (छोटं कंट्रोलर बोर्ड) क्लोन ३२०, एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) ११०, पीझो डिस्क (धक्का ओळखणारी चकती) १० रुपये, त्याला समांतर एक मेगाओहमचा रेझिस्टर. डिस्क बोर्डाच्या खालच्या बाजूला, सर्व्हो पेटीत, सर्व्होच्या हातापासून बंकपर्यंत सायकलच्या आऱ्याचा तुकडा. बंक २६ बाय ११ मिलिमीटर, आइस्क्रीमच्या काडीचा, बिजागरी म्हणून कापडाची पट्टी.

लावलं, थाप मारली, बंक उघडला. मग आपोआप बंद झाला. मग उघडला. मग बंद. सर्व्हो हलला की त्याचा धक्का प्लायमधून पीझोला जातो आणि पीझोला वाटतं परत थाप पडली, आणि हे अनंतकाळ चालू. बायको म्हणाली, 'छान झालंय की, थांबवू नका.'

२० ऑक्टोबर

आधी सर्व्होखाली योगा मॅटचा तुकडा घातला, कमी झालं पण थांबलं नाही. खरा उपाय कोडमध्ये: सर्व्हो हलायला लागल्यापासून दोन सेकंद पीझोचं काही ऐकायचंच नाही, आणि हलून झाला की सर्व्हो डिटॅच करायचा, म्हणजे त्याला सिग्नल देणं थांबवायचं. डिटॅच केल्याने दुसरी कटकट पण गेली, तो उभ्या उभ्या थरथरायचा आणि गुणगुणायचा ते बंद. बंक हलका आहे म्हणून चालतं, जड झाकण असेल तर डिटॅच केल्यावर खाली येईल. पाच व्होल्टच्या लाइनवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर सर्व्हो ओढ घेतो तेव्हा नॅनो रिसेट होतो.

२ नोव्हेंबर

दिवाळी. सुतळी बॉम्ब वाजला की बंक उघडतो. आता एका थापेवर नाही, पाऊण सेकंदाच्या आत दोन थापा पडल्या तरच उघडेल असं केलंय. लवंगी माळ लागली की तरीही उघडतो, त्याला इलाज नाही.

१० नोव्हेंबर

माणसं. १:७२ चे पायदळाचे प्लास्टिकचे सैनिक, एक बॉक्स १,१००, त्यातले बहुतेक बंदूक रोखलेले, म्हणजे हात कापून परत लावणं आलं. हे प्लास्टिक मऊ असतं, रंग सुटतो, आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग प्रायमर.

शुल्त्झचं पोट एम-सीलचं, दोन वेळा वाढवलं. कैद्यांतला फ्रेंच लेबो सगळ्यात लहान, तो नट पाच फुटांच्या जेमतेम वर होता, त्यामुळे त्याचे पाय गुडघ्यातून तीन मिलिमीटर कापले. क्लिंकचा एका डोळ्याचा चष्मा या मापाला दाखवता येत नाही, एका डोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका ठेवला, उजेडात चमकतो तेवढं पुरे. टेबलावरचं त्याचं टोकदार शिरस्त्राण मात्र केलंय, टाचणीचं डोकं आणि उरलेली टाचणी.

रंगवताना या लोकांबद्दल वाचत होतो आणि काम तसंच राहिलं. क्लिंक झालेला वेर्नर क्लेम्परर कोलोनचा, संगीतकार ओटो क्लेम्पररचा मुलगा, ज्यू, हिटलर आल्यावर घर सोडून निघालेले. शुल्त्झ झालेला जॉन बॅनर ज्यू, १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यावर परतीची वाट बंद. जनरल बुर्कहाल्टर झालेला लिओन आस्किन व्हिएन्नाचा ज्यू. आणि लेबो, रॉबर्ट क्लॅरी, पॅरिसचा, चौदा भावंडांत धाकटा, किशोरवयात पकडून नेलेला, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेला, हातावर ए-५७१४ नंबर गोंदलेला. घरातले बारा जण गेले. म्हणजे क्लिंक, शुल्त्झ, बुर्कहाल्टर हे गणवेशातले तिन्ही जर्मन मूर्ख ज्यू निर्वासितांनी वठवलेत. क्लेम्परर सांगायचा की क्लिंक कधी जिंकणार नाही याच अटीवर भूमिका घेतली, आणि त्याच भूमिकेसाठी टीव्हीचे दोन एमी पुरस्कार मिळवले.

मी लेबोच्या हातावर काही रंगवलेलं नाही. पूर्ण बाह्यांचा स्वेटर आहे, तो तसाच ठेवला.

१ डिसेंबर

झेंडा. मालिकेत झेंडे, हिटलरचे फोटो सगळं आहे, नाहीतर विनोद कुणावर करणार. पण हे मॉडेल सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवायचंय आणि तिथे पाच-सहा वर्षांची पोरं येतात. झेंडा काढला, काठी ठेवली. तसंही गोष्टीत त्या काठीचं खरं काम वेगळंच आहे, ती कैद्यांच्या रेडिओची अँटेना आहे. काठीतून ४० गेजची तार खाली बोगद्यातल्या रेडिओपर्यंत आणली, बोगद्यातल्या एलईडीची पॉझिटिव्ह म्हणून तीच वापरली. वाइंडिंग वायरला वार्निश असतं, टोकं सँडपेपरने घासल्याशिवाय करंट जाणार नाही, त्यात एक संध्याकाळ गेली.

हिटलरच्या फोटोतला मायक्रोफोन आणि त्याचा आवाज जिच्यातून ऐकतात ती कॉफीची किटली, यातली फक्त किटली केली. मण्याची.

२२ डिसेंबर

हॉलमध्ये ठेवलं. लोक थाप मारून मारून बंक उघडत होते, दुपारपर्यंत कापडाची बिजागरी सुटली. मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याची लावली, टिकली.

पण दर दुसरा माणूस विचारत होता, हा तो गॅस चेंबरवाला कॅम्प का. एक आजोबा तर रागावलेच की यावर विनोद कसले करता. त्यांचं चूक नाही, मालिका आली तेव्हा अमेरिकेतही हीच टीका झाली होती. मी सांगितलं ते असं की हा युद्धकैद्यांचा कॅम्प, सैनिकांचा, १९२९ च्या जिनिव्हा कराराखालचा, छळछावणी वेगळी, आणि क्लॅरी स्वतः हाच फरक सांगायचा. आजोबा म्हणाले, 'म्हणजे तिथे बरं होतं?' तर तसंही नाही. ब्रिटिश-अमेरिकन कैद्यांना रेडक्रॉसची पार्सलं तरी मिळत, सोव्हिएत कैद्यांना करार लागूच नाही म्हणत जर्मनांनी तीस लाखांच्या वर माणसं उपासमारीने, थंडीने आणि गोळ्यांनी मारली. मालिकेतला कॅम्प ज्याच्याजवळ दाखवलाय ते हामेलबुर्ग गाव पण खरं आहे, बव्हेरियात, तिथे स्टॅलाग १३-सी नावाचा कॅम्प खरंच होता, क्लिंक सोडून. आजोबा बराच वेळ बघत उभे राहिले, मग वाकून उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि विचारलं, 'हा इथे अडकलाय का?' त्यांना तो ८ मिलिमीटरवाला दिसला.

रात्री पाटी लिहून लावली, चार ओळींची. पहिल्या दिवशीच लावायला पाहिजे होती, तुम्ही करत असाल तर बर्फाच्या आधी पाटी करा.

५ जानेवारी

हिशोब: वाया गेलेल्या बोर्डासकट साधारण साडेसात हजार. त्यात अडीच हजार समोरच्या ॲक्रिलिक शीटचे आणि कटिंगचे, ते मी आधी धरलेच नव्हते. २ मिमी शीट मधे पोट काढते, ३ मिमी घ्या.

राहिलेलं: झाडाचा खोटा बुंधा, ज्यातून माणूस जंगलात बाहेर येतो, त्याचं झाकण अजून हाताने उघडावं लागतं. दुसरा सर्व्हो आणलाय पण त्या कोपऱ्यात प्लायखालची आडवी पट्टी येते आणि ती काढली तर बोर्ड परत वाकेल. बघू, बहुतेक पट्टीलाच खाच मारेन. कुत्र्याचं घर मात्र झालंय, बाजूला सरकतं, खाली भोक आहे, कुत्रे अजून रंगवायचेत.